दसऱ्याची एक किक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — नाही, तसंही नाही. परवाच्या दसऱ्याला ते पुन्हा घडलं, आणि आता माझंच मला सहन होत नाही, म्हणून सांगतोय.

आमच्या जिन्याखाली एक मोटरसायकल उभी आहे. कॅफे रेसर म्हणतात ना, तसली. खाली वाकलेलं हँडल, एकाच माणसापुरती सीट, मागे फुगीर शेपटी, पुढे मोठा गोल दिवा. येणारा-जाणारा थांबून बघतो, फोटो काढतो आणि मग विचारतो, "चालते का?" इथे माझं डोकं फिरतं. नाही चालत! इतकी वर्षं झाली, फाटकापर्यंतसुद्धा गेलेली नाही.

गाडी मी भंगारवाल्याकडून उचलली होती. मी कॉलेजच्या ऑफिसातला कारकून. पाना कुठल्या बाजूने धरायचा, इथपर्यंतच माझी मजल. खरं काम भावोजींचं — म्हणजे ताईचे मिस्टर, अंजूरचे. ते पॉवरलूमच्या कारखान्यात फिटर होते. लूम कुठे अडतोय ते ओळखायचे, आणि ओळखलं की अख्ख्या शेडला ऐकवायचे. बढाई मारायची भारी हौस. आमच्या अंगणात ग्राइंडर लावून फ्रेम कापायला बसले की आळीतले सगळे गोळा, आणि ह्यांचं प्रवचन सुरू. "चालू होऊ दे फक्त. भिवंडीत दुसरी न्हाय अशी!" गाडी माझी, कल्पना माझी, कुठला रंग द्यायचा यावर डोकेफोड केली मी — आणि आळीत नाव काय पडलं? भावोजींची गाडी.

लागलं मला ते. चांगलंच लागलं.

त्यांचा कारखाना तेव्हा बंद पडायला आला होता. मालक एकेक लूम भंगारात काढत होता. भावोजींनी मनात पक्कं केलं होतं — आता आपलं गॅरेज टाकायचं आणि अशाच गाड्या बनवायच्या. कल्याण रोडला एक गाळाही बघून ठेवला होता. आमची गाडी हा त्यांचा नमुना. ती सुरू झाली तर गाळा घ्यायचा, नाही झाली तर राहनाळच्या गोडाऊनमध्ये शिफ्टची ड्युटी धरायची, असं त्यांचं आणि ताईचं ठरलं होतं. म्हणजे माझी ती हौस होती, आणि त्यांचं सगळं तिच्यावर अडलेलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

गाडी तयार झाली. रंग झाला, वायरिंग झालं, सायलेन्सर चढला. भावोजींनी पाया पडून किक मारली. काही नाही.

सुरू न होणाऱ्या गाडीला किक मारत बसलाय कधी? आधी हसू येतं. मग घाम येतो. मग तोंडात शिव्या येतात, आणि त्या कुणाला द्यायच्या तेच कळत नाही. प्लग काढला — ठिणगी झकास. कार्बोरेटर उतरवला, धुतला, परत चढवला. ठिणगी नेमक्या क्षणी पडते का, ते टायमिंग उघडून पाहिलं. प्लगच्या भोकातून थेंबभर पेट्रोल सोडलं, तर एकदा खोकली आणि गप्प झाली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेजारचे काका येता-जाता विचारायचे, "काय, झाली का चालू?" मला आतून नुसती आग व्हायची, आणि ती निघायची भावोजींवर. एकदा सगळ्यांदेखत बोललो, "लूम वेगळा आणि इंजिन वेगळं, भावोजी. तुमच्या हातातलं काम नाही हे." ते नुसते हसले. त्या दिवसापासून त्यांचं प्रवचन बंद झालं.

आणि मला — आता खोटं कशाला बोलू? — मला बरं वाटलं.

एक भाग मात्र मी त्यांना उघडू दिला नव्हता. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा एक आखूड पाइप असतो, मॅनिफोल्ड म्हणतात त्याला. अख्ख्या गाडीत तेवढा एकच भाग मी माझ्या हातांनी बसवला होता. भावोजी म्हणाले होते, "योक डाव तोबी खोलून बघू." मी म्हणालो, "त्याला हात लावायचा नाही. ते बरोबर बसलंय." मेहुण्याचा मान म्हणा, नाहीतर गाडी माझी म्हणून म्हणा, त्यांनी हात लावला नाही.

एका रविवारी दुपारी ते आले नव्हते. मी वैतागून एकटाच बसलो आणि तो पाइप खोलला. आत, इंजिनाच्या तोंडाशी, काळपट काहीतरी दिसलं. बोट घालून ओढलं. चिंधी होती.

लूमच्या चिंध्या आमच्याकडे पोत्याने मिळतात, सगळ्या गॅरेजांत हात पुसायला त्याच. इंजिनाला रंग मारताना आत धूळ जाऊ नये म्हणून मीच तो बोळा कोंबला होता. तो काढायचा विसरलो आणि वरून पाइप आवळून टाकला. इतके दिवस इंजिनाचं नाक चोंदलेलं होतं, आणि आम्ही त्याला पोटाचं औषध देत होतो.

इथवर ती नुसती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. तेवढीच असती तर मी ती हसत हसत सांगितली असती.

चिंधी हातात होती आणि फाटकाची कडी वाजली. ताई. पुढचं जे झालं ते नकळत झालं, देवाशपथ — नाही, शपथ नको. कळत होतं मला. आता ही सगळ्यांना सांगणार, आळी मला हसणार, आणि भावोजी पुन्हा भर अंगणात उभे राहून बोलणार — एवढं सगळं त्या क्षणात मला कळलं. आणि मी ती चिंधी परत आत कोंबली. वरून पाइप लावला.

ताई पायरीवर बसली. "गाळेवाला आजच्या आज उत्तर मागतोय. हे म्हणतायत, घेऊन टाकू. तू बघतोस ना रे यांचं काम? खरं सांग मला, जमेल यांना?"

माझी बोटं काळी होती. काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तीही माझ्याच तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "नको ताई. ड्युटी धरू देत."

ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, "बरं झालं बाबा, स्पष्ट बोललास." आणि गेली.

मला वाटलं होतं, आठवड्याभराने चिंधी काढू, गाडी सुरू करू, सांगू काहीतरी. पण काय सांगणार? गाडी सुरू झाली असती तर पहिला प्रश्न — काय झालं होतं? आणि दुसरा — तुला कधी कळलं? त्या दुसऱ्या प्रश्नाचं काय करायचं? घरात कुणी नसताना एकदा मी चिंधी काढून किक मारली. दुसऱ्या किकला सुरू झाली. असा स्वच्छ आवाज, एक ठोका चुकत नव्हता! त्यांचं टायमिंग बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. बाजूच्या शेडमधल्या लूमच्या खडखडाटात कुणाला ऐकू गेलं नाही. मी घाईघाईने बंद केली. आणि चिंधी परत आत घातली.

त्या गाळ्यात आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. भावोजी राहनाळला ट्रकमध्ये माल चढवून घेतात. स्वतःची पान्यांची पेटी ते आमच्याकडेच ठेवून गेले. म्हणाले, "तुलाच लागंल." तिला मी हात लावलेला नाही.

पण दर दसऱ्याला येतात. परवाही आले. गाडी पुसली, हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. गुडघा धरलाय त्यांचा, तरी एक किक मारतातच. मारली. गाडी गप्प.

"टायमिंगच चुकलंय माझं कुठंतरी," म्हणाले. "पन कुठं, ते काय कळलं न्हाय बघ मला."

मी बाजूला नारळ घेऊन उभा होतो. नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.