डोळे मिटून उचललेली बंदूक

अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे होते तेव्हाची गोष्ट. पावसाळी बूट घ्यायला त्याने मला एका मोठ्या दुकानात नेलं. तिथे बंदुकाही मांडलेल्या होत्या. काउंटरशी एक म्हातारा शिकारीसाठी हलकी बंदूक निवडत होता. डोळे मिटायचा, बंदूक खांद्याला लावायचा आणि मग डोळे उघडून नेम सरळ आलाय का बघायचा. दर वेळी नळी थरथरत खाली यायची.

मुलगा म्हणाला, "आई, बंदुकीवरची दुर्बीण वगैरे नंतर चेंज करता येते. पण मूळ बंदूकच जड असली, तर ती घेऊन डोंगर चढणार कसा?"

"त्याला म्हणावं, आता घरी बस."

"अगं, हळू बोल."

म्हाताऱ्याने मी काय म्हणाले ते विचारलं. मुलाने ओशाळून सांगितलं, तसा तो हसला. म्हणाला, "माझी बायको दर वर्षी हेच म्हणायची. आता म्हणायला कोणी नाही. घरी बसून करू काय?"

आमचे हे गेले, म्हणूनच मी मुलाकडे आले होते.

त्याने सगळ्यात आखूड बंदूक घेतली आणि डोळे मिटले. या वेळी नळी हलली नाही. डोळे उघडून त्याने थेट माझ्याकडे पाहिलं.

मला बंदुकीतलं काय कळतंय? तरी मी मान डोलावली. "जा," म्हटलं, "पण अंधार पडायच्या आत घरी या."

मुलाने तेही सांगितलं. तेव्हा मात्र तो हसला नाही.