भरल्या गाडीची दांडी

...तर जीप त्या चढावर उड्या मारायला लागली, इथवर काल सांगून झालं होतं. मागची चाकं जमीन धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, आणि खालून कुणी घण घालावा तसा आवाज. मी तेव्हा डोंगरावरच्या दवाखान्याची जीप चालवायचो. आत एक अडलेली बाई, तिची सासू, आमची नर्सबाई आणि औषधांची पेटी. सासू मला म्हणते कशी, "ड्रायव्हरसाहेब, गाडी हाकताय का घोडं?" मी उत्तर शोधेपर्यंत खाली कडाडकन वाजलं आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या प्रोपेलरच्या सांध्यातला क्रॉस तुटला. त्या महिन्यातला दुसरा. उरलेला दीड मैल त्या बाईला खुर्चीत बसवून वाटेतल्या चौघा गड्यांनी वर नेलं. ती वाचली, बाळही वाचलं.  परतताना पायथ्याशी आल्यावर नर्सबाई एवढंच म्हणाली, "आता काकांकडेच जायचं."

मी गप्प झालो. का, ते सांगतो.

तिचा काका म्हणजे आमचा सूतभर. गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हा त्याला हे नाव नव्हतं. तेव्हा तो पट्टीचा पोहणारा होता, पुराच्या पाण्यात उडी टाकून पैलतीरावर जाऊन हात दाखवायचा आणि घरी येऊन मार खायचा. सूतभर हे नाव नंतरचं. त्याचं गाड्यांचे कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसवायचं दुकान. एकेक काम तीनतीनदा मोजायचा आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की म्हणायचा, "थांबा, अजून सूतभर फरक आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. त्याच्याकडे पाटे बसवायला गेलेला माणूस नातवंडं बघूनच परत येतो, असं लोक म्हणायचे. पण त्यानं बसवलेला पाटा परत आला, असं मी ऐकलेलं नाही.

दुकान तुम्ही पाहायला हवं होतं. दारात तुटक्या पाट्यांची चळत, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, तेलानं काळी पडलेली जमीन. कोपऱ्यात भट्टी, आणि भट्टीच्या वर खिळ्याला टांगलेली एक वाकडी लोखंडी दांडी. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ती विकायची नाही." पुढे काही नाही.

ती दांडी त्याच्या थोरल्या भावाच्या जीपची. भाऊ जीपमधून लाकडं वाहायचा, आणि ती जीपही चढावर अशाच उड्या मारायची. चाकाला जोर आला की मागचा अॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, स्वतःभोवती पिळतो, त्याच्याबरोबर पाटेही पिळतात, मग सुटतात, पुन्हा पिळतात. त्याला उपाय म्हणून अॅक्सलपासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक दांडी लावतात, म्हणजे अॅक्सलला पिळताच येत नाही. सूतभरनं ती लावली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा. रिकामी जीप जॅकवर चढवली, चाकं लोंबकळत होती, आणि दांडीची दोन्ही टोकं वेल्डिंग करून घट्ट करून टाकली. रिकामी गाडी छान चालली. पण वजनानं पाटा दबला की तो सपाट होतो, सपाट झाला की लांबतो, आणि अॅक्सल बोटभर मागे सरकायला बघतो. दांडीनं त्याला सरकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी लाकडं भरून निघालेल्या जीपचा मुख्य पाटा वळणावर तुटला. भाऊ गेला. त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची. तीच आमची नर्सबाई.

लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं. थोरला घाईचा माणूस, जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर. त्यानंच तगादा लावला असणार, धाकटा बिचारा काय करणार? मीही तेच म्हणायचो. थोरल्याची बायको, आमची वहिनीसुद्धा तेच म्हणायची, आणि तिनं दिराला कधी बोल लावला नाही. सूतभर हे ऐकायचा आणि मान खाली घालून पाट्यावर हातोडा मारत राहायचा. त्या दिवसानंतर त्यानं दांडीचं काम घेतलं नाही. नदीतही पाय घातला नाही. भावाच्या दुःखानं, असं आम्ही समजायचो.

आता कळलं, मी गप्प का झालो?

नवा क्रॉस बसवून झाल्यावर पुतणीनं मला जीप दुकानासमोर उभी करायला लावली आणि उड्या थांबवायला दांडी हवी, असं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते काम मी करत नाही, दुसरीकडे जा. ती जागची हलली नाही.

"दुसरा कुणीतरी गाडी जॅकवर चढवूनच बसवेल," ती म्हणाली. "आणि आत मी बसणार आहे, काका."

त्यानं भट्टीवरच्या दांडीकडे एकदा पाहिलं. मग कानामागची खडूची कांडी काढून खड्ड्यात उतरला.

चार दिवस लागले. जाड पाइप आणला, कापला, एकदा पसंत पडला नाही म्हणून दुसरा आणला. मागचं टोक अॅक्सलला पक्कं केलं. पुढचं टोक मात्र दोन पट्ट्यांच्या कडीत अडकवलं, झोपाळ्याच्या कडीसारखं, म्हणजे अॅक्सल पुढेमागे सरकला तर दांडी त्याच्याबरोबर झुलेल, पण त्याला पिळू देणार नाही. राहिलं ती कडी चासीला जोडायचं. तिथं तो थांबला. म्हणाला, गाडी रोज जेवढं वजन घेऊन चढते, तेवढं आत भरल्याशिवाय आणि चारही चाकं जमिनीवर असल्याशिवाय मी वेल्डिंगचा टाका मारणार नाही. वाळूची पोती आणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीनं स्ट्रेचर आणलं, औषधांची पेटी आणली, दोन पोती वाळू आणली, आणि आईला आणलं.

"मी पोती सांगितली होती," सूतभर म्हणाला.

"आईचं वजन बरोबर एका पोत्याएवढं आहे. दवाखान्याच्या काट्यावर करून आणलंय."

"अर्धा किलो कमीच भरले," वहिनी म्हणाली आणि पदर खोचून मागच्या बाकावर चढली.

इतक्या वर्षांत ती त्या दुकानात आली नव्हती. बसल्या जागेवरून तिला भट्टीवरची दांडी समोर दिसत होती. तिनं ती पाहिली, मग नजर काढून घेतली. खाली खड्ड्यात दीर, वर बाकावर भावजय, मध्ये नुसता पत्रा. तो मोजत होता, खडूनं खूण करत होता, पुसत होता. एकदा म्हणाला, वहिनी, हलू नका. वरून उत्तर आलं, "मी नाही हलत. तुमचं होऊ द्या सावकाश." त्यानं पुन्हा एकदा मोजलं. मग टाका मारल्याचा निळा उजेड आला.

तेवढ्यावर भागलं नाही. सगळ्यांना उतरवलं, गाडी उचलून पाहिली, पुन्हा वजन भरून पाहिली, कडी मोकळी झुलते याची खात्री केली, आणि मगच पक्कं वेल्डिंग.

दुपारी आम्ही चौघं तेवढंच वजन घेऊन निघालो. तो चढ आला तसं मी स्टिअरिंग घट्ट धरलं. सूतभर शेजारी बसला होता, डोळे मिटून, कान खाली लावून. मी गियर टाकला. चाकांनी जमीन धरली ती सोडलीच नाही. ना उडी, ना घण. मी आनंदानं काहीतरी बरळलो असेन, पण मला कुणी दाद दिली नाही.

वर पोचल्यावर नर्सबाई पेटी घेऊन दवाखान्यात गेली. सूतभर लगेच गाडीखाली सरपटला, कडी हातानं चाचपायला. वहिनी मागच्या चाकाशी उभी होती. ती वाकली नाही, आवाजही चढवला नाही. सहज विचारावं तसं विचारलं, "भावोजी, तेव्हा यांनी तुम्हाला फार घाई केली होती का हो?"

मी बॉनेट उघडून उगाच आत बघू लागलो. हो म्हणणं किती सोपं होतं. अख्ख्या गावानं त्याच्यासाठी ते उत्तर सव्वीस वर्षं तयार ठेवलं होतं. तो गाडीखालून बाहेर आला, चाकाला टेकून बसला, फडक्यानं एकेक बोट पुसलं आणि मान वर करून म्हणाला,

"नाही, वहिनी. दादा म्हणाला होता, आठ दिवस लागले तरी लागू देत, पण वजन भरून बघ. घाई मला होती. मला नदीवर पोहायला जायचं होतं."