दांडी काही निघेना

माझा थोरला भाऊ चंदगडला असतो. गेल्या रविवारी सकाळच्या एसटीनं कळंब्याला माझ्याकडे आला आणि चहाही न घेता थेट डायनिंग टेबलावर बसला. खिशातनं बंद पडलेलं मनगटी घड्याळ काढलं, शेजारी ऑनलाइन मागवलेलं नवं मशीन ठेवलं. घरी असले उद्योग करायला वहिनीनं बंदी घातलेली, म्हणून हा मान माझ्या टेबलाला.

सेलवरच्या घड्याळाचं जुनं मशीन बाहेर काढायचं तर आधी त्यातली दांडी काढावी लागते. वेळ लावायला आपण जी चावी फिरवतो, तिच्या मागची ती बारीक तार. मशीनवर एक भोक असतं, त्यात इवलासा ठिपका. तो सुईनं दाबून धरायचा आणि चावी अलगद ओढायची. दादानं व्हिडिओत तसं पाहिलं होतं. चावी आधीच थोडी ओढून ठेवली की काम सोपं होईल, ही भर मात्र त्याची स्वतःची.

"मी दाबतो, तू ओढ," तो म्हणाला.

मी ओढलं.

"अगं, ओढ की!"

"ओढलं की!"

"न्हाय ओढलंस. सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस व्हय?"

"कुठं बसून खाऊ? टेबल तू अडवलंयस."

पंखा बंद, कारण बारीकसारीक काहीतरी उडेल. कुकर लावायचा नाही, शिट्टी झाली की त्याचा हात हलतो. घामानं माझी बोटं चावीवरून सारखी निसटत होती.

"दादा, चावी आत ढकलून बघू या का? ठिपका दिसतच नाही. तू नुसता पत्रा दाबतोयस."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

शेवटी सुई सटकली आणि त्याच्याच अंगठ्यात घुसली. घर डोक्यावर घेत तो मोरीकडे गेला. मी आधी पंखा लावला, मग चावी आत ढकलली. ठिपका सरकत भोकात समोर आला. सुईचं टोक हलकंच टेकवलं, चावी ओढली, आणि दांडी काही झालंच नव्हतं अशी बाहेर आली.

"निघाली," मी म्हटलं.

तो अंगठा तोंडात धरून आला. दांडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"मी एवढी ढिली करून ठेवलती, मग निघणारच की."

डायल आणि काटे नव्या मशीनवर चढवता चढवता जेवायची वेळ टळून गेली. जुनीच दांडी त्यात टक करून बसली आणि सेकंदकाटा चालू झाला. दादानं लगेच वहिनीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"काढली बघ दांडी!"

"कुणी?"

तो घड्याळाची काच शर्टाला पुसत राहिला.

"आम्ही," शेवटी म्हणाला.

"म्हंजे वन्संनी," वहिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.