साहेबाच्या कपाटात आमच्या मेंढीचा शिक्का

आधी तो चहा संपवा. पुढं हसताना ठसका लागला, तर माझ्या नावानं ओरडू नका. कारण ह्या पैठण रोडवर येडे लई झाले, पण साहेबाच्या घरी साक्षीला मेंढी घेऊन गेलेला मी एकटाच.

व्हय, मेंढी! चार पायांची! शहरातल्या पुंडलिकनगरात, गुळगुळीत फरशीवर!

हसू नका, अजून सुरुवातच हाय. मला हळूहळूच सांगता येतं. घाई मेंढराला चालत नाय, मला बी चालत नाय.

त्या काळात चितेगावला कंपन्या येऊ लागल्या होत्या. आमचा धंदा मेंढरांचा. पण रानं गेली, कुंपणं आली, आणि मी कंपनीच्या गेटवर उभा राहिलो. मेंढरं भाऊ राखायचा. मला वाचता येत नव्हतं. स्टोअरच्या साहेबानं पहिल्याच दिवशी एक पाना हातात दिला. पान्यावर कंपनीचा शिक्का होता.

"लिंबाजी, अक्षराची चिंता करू नकोस," साहेब म्हणाले. "फक्त शिक्का बघायचा. हा शिक्का ज्या वस्तूवर, ती वस्तू कंपनीची. मग ती कुणाच्याही पिशवीतून निघो!"

मला हे लगेच पटलं. आमच्यात दुसरं काय असतं? दहा कळप एका पाणवठ्यावर आले, की मेंढराच्या पाठीवरची डांबराची खूण बघायची. कुणाची गोल, कुणाची फुली. आमची म्हंजी तीन रेघा, वर टोकाला जुळलेल्या, खाली फाकलेल्या. कावळ्याचा पाय. पार अजिंठ्यापर्यंत अशी खूण दुसऱ्या कुणाची नव्हती. ती दिसली की मेंढरू आमचं, तिथं वाद नाय.

आता घरातलं सांगतो. माझा बाप मोठ्या लढाईत खच्चरांच्या पलटणीत होता. परत येताना त्यानं एक थैली आणली. जाड खाकी कापडाची, झाकणाला पितळी चाप, काडतुसं ठेवायची. बाप गेल्यावर मायनं तिच्यात बिरोबाचा भंडारा ठेवला. जत्रेला जाताना माय ती कमरेला बांधायची आणि त्याच थैलीतली हळद सगळ्यांच्या कपाळाला लावायची. थैलीच्या झाकणाआत तोच कावळ्याचा पाय उमटलेला होता. मला वाटायचं, बापानं लढाईत आपली वस्तू हरवू नये म्हणून घरची खूण मारली. किती शहाणा माणूस!

आणि एक दिवस ती थैली खुंटीवरून गायब!

घर उलटंपालटं केलं. कणगीत बघितलं, चुलीमागं बघितलं. नाय. मायनं तोंड फिरवलं.

"माय, भंडारा दुसऱ्या पिशवीत ठेवू."

"ठेव. आणि त्या पिशवीलाच जत्रेला ने. म्या येत नाय."

जत्रा जवळ आली होती. माय आली नाय तर सगळ्या भावकीला भंडारा कोण लावणार? आणि खरं सांगू? मायला तसं गप्प बसलेलं मला बघवंना.

अशात एका रविवारी साहेबांनी घरी बोलावलं. एक लाकडी कपाट हलवायचं होतं. कपाटाला काच, आणि काचेआड... काय असंल?

थैल्या! खाकी! पितळी चापाच्या! तीन फळ्या भरून!

साहेब लगेच खुलले. भिंग काढलं, एक थैली हातावर घेतली, आणि लेकराला दाखवावं तसं मला दाखवू लागले.

"लढाईतल्या काडतुसांच्या थैल्या, लिंबाजी. विलायतेत शिवलेल्या. बाजारात नकली फार. जुन्या कापडावर नवा शिक्का मारतात. पण नवी शाई वरवर बसते, जुनी धाग्यात मुरलेली असते. वीण बघ, किती दाट! आणि आता हे बघ."

त्यांनी झाकण उलटलं. आत तीन रेघा. वर जुळलेल्या, खाली फाकलेल्या.

माझ्या हातातनं कपाट सुटता सुटता राहिलं!

"साहेब, ही खूण..."

"ही असेल तरच मी घेतो! नसेल तर हातही लावत नाही."

"सगळ्यांवर हाय?"

"सगळ्यांवर!" साहेब छाती फुगवून म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? हा माणूस निवडून निवडून आमचाच माल घेत होता, आणि वर तोंडानं सांगत बी होता!

परत येताना सगळ्या रस्त्यानं मी हिशेब जुळवला. माय म्हणायची, बापानं थैली एकच आणली. पण बाप कमी बोलायचा. पोतंभर आणल्या असतील! मग बाकीच्या कुठं गेल्या? चुलत्यानं परस्पर फुंकल्या! झालं. संध्याकाळी चुलत्याच्या दारात जाऊन मी भांडून आलो. बिचारा भाकरी खात होता. तोंडातला घास तसाच ठेवून "कसल्या थैल्या रं?" एवढंच विचारत राहिला. मला वाटलं, काय सोंग घेतंय म्हातारं!

दुसऱ्या दिवशी कंपनीत काशिनाथला गाठलं. काशिनाथ माझा जोडीदार, मशीनवर होता. विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेला एक बी मोर्चा त्यानं चुकवला नव्हता. पगार कापला तरी जायचा, आणि परत येऊन माझ्या डब्यातली चटणी बी तोच खायचा. सगळं ऐकून तो कपाळाला हात लावून बसला.

"आरं, आम्ही एका नावासाठी इतकी वर्षं रस्त्यावर हावोत. आणि तू बसल्या बसल्या साहेबाचं सगळं कपाट आपल्या नावावर करून घेतलंस?"

"खूण आमची हाय, काशिनाथ."

"तुझ्याकडं पुरावा काय?"

"चांदी."

"चांदी कुठनं आली तुझ्याकडं?"

"मेंढी रं! कपाळाला पांढरा ठिपका असलेली. तिच्या पाठीवर खूण ताजी हाय."

काशिनाथनं कपाळावरचा हात काढला. मग म्हणाला, "रविवारी आमचा ट्रक मोर्चाला शहरात चाललाय. चला. हे मला बघायचंच हाय."

तर रविवारी निळ्या झेंड्यांच्या ट्रकमधी माय, मी आणि चांदी. माय येत नव्हती, पण मी सांगितलं, तुझी थैली सापडली. ते ऐकून लुगडं सावरत सगळ्यात आधी तीच चढली. ट्रकमधला एक जण कुरकुरला, मेंढी कशाला? काशिनाथ म्हणाला, "बसू द्या, हिचा नामांतराला विरोध नाय." सगळा ट्रक हसला. पुढं घोषणा सुरू झाल्या. प्रत्येक घोषणेनंतर चांदी न चुकता ओरडायची.

पुंडलिकनगराच्या तोंडाला आम्ही उतरलो. काशिनाथ बी उतरला. "मोर्चा क्रांती चौकात गाठतो मी," म्हणाला, "आधी हा निकाल लागू दे."

साहेबांनी दार उघडलं. आधी मी दिसलो, मग माय, मग काशिनाथ, आणि आमच्या पायांमधनं चांदी सरळ आत! आतनं बाईसाहेबांची किंकाळी आली. फरशी अशी गुळगुळीत, की चांदीचे चार पाय चार गावांना गेले आणि ती पोटावर बसली.

"लिंबाजी! हे काय आहे?"

"पुरावा हाय साहेब."

"कशाचा?"

मी दम घेतला. आवाज चढवायची मला सवय नाय, म्हणून हळूच म्हणालो, "साहेब, तुमीच शिकवलं. शिक्का ज्याचा, वस्तू त्याची. मग ती कुणाच्याही कपाटातनं निघो. आता हिची पाठ बघा, आणि तुमच्या थैल्या बघा."

साहेबांनी पाठ बघितली. थैली बघितली. मग भिंग काढलं! खरं सांगतो, माणूस गुडघ्यावर बसला आणि भिंगातनं मेंढीची पाठ बघू लागला. चांदी त्यांचं कोपर चाटत होती.

"तंतोतंत तोच," साहेब पुटपुटले. "हे कसं शक्य आहे?"

मी काशिनाथकडं बघितलं. बघ! काशिनाथचं तोंड उघडंच.

तेवढ्यात माय हसू लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग भिंतीला टेकून.

"आरं लिंब्या! आरं माझ्या बैला!"

"काय झालं, माय?"

"आपली खूण आधी गोल होती रं. चुलत्याची बी गोल. रोज मेंढरं मिसळायची, रोज भांडणं. तुझा बाप लढाईवरनं आला, थैलीतली ही खूण बघितली, म्हणाला ही ह्या मुलखात कुणाकडंच नाय. आणि डांबराची काडी घेऊन सगळ्या कळपावर काढली. तू तवा पाळण्यात होतास!"

मी खाली बघितलं. चांदीनं वर बघितलं.

"म्हंजी साहेब," काशिनाथनं हळूच विचारलं, "ती खूण मुळात कुणाची?"

साहेब खुर्चीवर बसले. गालातल्या गालात हसत होते. "विलायतेच्या सरकारची. लष्कराच्या मालावर मारायचे. अर्थ एकच, ही वस्तू सरकारी मालकीची."

"आणि शिक्का ज्याचा, वस्तू त्याची," काशिनाथ म्हणाला.

"बरोबर," साहेब म्हणाले. "मग ती कुणाच्याही कळपातून निघो."

सांगा आता! थैल्या सोडवायला गेलो, आणि बापाच्या काळापासूनचा सगळा कळप विलायतच्या राजाच्या नावावर करून आलो! गोरा साहेब गेला, झेंडा बदलला, निजाम गेला, आणि आमची मेंढरं पैठण रोडला त्याच राजाची म्हणून पाला खात होती!

पण मायचं हसू थांबलं होतं. ती कपाटाकडं गेली आणि एकेक थैली नाकाला लावू लागली. साहेबांनी अडवलं नाय. दुसऱ्या फळीवरची एक हातात घेतली आणि तिनं ती सोडलीच नाय.

"ही माझी."

"त्या थैलीत आत पिवळा डाग आहे," साहेब म्हणाले. "कसला ते मला अजून उमगलेलं नाही. घासून काढणार होतो, पण जीव झाला नाही."

"बरं केलंस बाबा. बिरोबाचा भंडारा हाय तो."

साहेबांनी हात जोडले. "मग मावशी, तुमचीच. जुन्या बाजारात घेतली मी. तो विकणारा म्हणाला, बोहारणीकडून आली. एका फाटक्या कोटात गुंडाळलेली होती म्हणे."

फाटका कोट! बापाचा कोट थैलीवरच टांगलेला असायचा, त्याच खुंटीला. आणि दिवाळीच्या साफसफाईत खुंटीवरचं सगळं एकदम कवटाळून, गाठोडं बांधून बोहारणीला कुणी दिलं होतं? स्टीलचं पातेलं घेऊन, लई स्वस्तात मिळालं म्हणून आठ दिवस कुणी मिरवलं होतं?

मायनं माझ्याकडं बघितलं. मी आपला चांदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

त्या साली जत्रेत मायनं थैली कमरेला बांधली आणि सगळ्यात आधी भंडारा चुलत्याच्या कपाळाला लावला. मला म्हणाली, "आता पाया पड त्याच्या." पडलो. म्हातारं अजून बी विचारत होतं, "पण कसल्या थैल्या रं?"

कंपनीत मात्र लई वर्षं सुटका नव्हती. गेटवर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय लिंबाजी, राजाची मेंढरं चरून आली का?" पुढं विद्यापीठाचं नाव बदललं. काशिनाथ पेढे घेऊन आला, मला कडकडून भेटला आणि म्हणाला, "आमचं झालं. आता तुझ्या मेंढरांचं कधी करतोस?" पण मायनं खूण बदलू दिली नाय. बापाच्या हातची होती ना ती.

आता माय नाय. थैली खुंटीला हाय आणि त्या खुंटीला मी हात लावायचा नाय, असा घरात नियम हाय. मेंढरं थोडी उरलीत, ती मीच राखतो. परवा जनावरांचा डाक्टर आला, कानात पिवळा बिल्ला ठोकायला.

"बाबा, हा सरकारी बिल्ला हाय. काढायचा नाय."

"नाय काढत."

मग त्याची नजर पाठीवर गेली. तीन रेघा, वर जुळलेल्या, खाली फाकलेल्या. "आणि हा शिक्का कुणाचा?"

मी म्हणालो, "मागच्या सरकारचा."