त्यानं कधीच पैज लावली नाही

पन्नास वर्षांपूर्वी सांगलीत फुटबॉलच्या सामन्याआधी लोक एका सायकलवाल्याच्या दुकानात जमत. चाकाचे आरे आवळता आवळता तो कोण जिंकणार ते सांगे. स्वतः पैज लावत नसे. मला म्हणे, "पैज लावली की डोळा फितूर हुतोय, गड्या."

मला कुणी विचारत नसे. आतून जळायचो. मैदानावर गॅलरी बांधायची वर्गणी लोकांनी विश्वासानं त्याच्याकडं दिली, तेव्हा मी चहाच्या टपरीवर धडधडीत खोटं बोललो, "वर्गणीतनं पैजा लावतोय त्यो." आठवड्यात लोकांनी त्याच्याकडून वर्गणीचं पावतीपुस्तक काढून घेतलं.

नंतर मी पंक्चर काढायला गेलो. त्यानं ते नेहमीसारखंच नीट काढलं. हवा भरताना म्हणाला, "ऐतवारी कोण जितंल? आता तुमीच सांगा."

गड्याचा मी 'तुमी' झालो होतो. मला एकाही संघाचं नाव आठवेना.