धड्याच्या वेळी ऐकलेलं नाव

कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. माझे यजमान मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून त्यांचं पत्र नव्हतं. मी थोरल्या भावाकडे, अण्णांकडे राहत होते. अण्णा तालुका कचेरीत नोकरीला होते.

शाळेला सरकारकडून एक रेडिओ मिळाला होता. आठवड्यातून दोनदा, दुपारी, तिरुच्चीहून शाळांसाठी धडा येई. तो लावायचं काम माझं. शत्रूचं केंद्र चारचौघांत लावलं तर तुरुंग, अशी ताकीद रेडिओच्या वरच भिंतीला चिकटवलेली होती.

त्या दिवशी वाऱ्यांचा धडा चालू असताना खरखर सुरू झाली. घाईत मी भलतंच बटण फिरवलं आणि एका पुरुषाचा स्वच्छ तमिळ आवाज आला. मलायातली कोण कोण माणसं सुखरूप आहेत, ते तो वाचत होता. नाव, वडिलांचं नाव, गाव.

हे बंद करायला हवं, हे मला लगेच कळलं. हात बटणावरच होता, पण हलेना. पुढचं नाव त्यांचं असलं तर? समोर तीस मुली, आणि मी जीव कानात आणून उभी. मायावरमचा एक झाला. तिरुविसनल्लूरचा एक. मग नाचियार्कोविलचा.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी ताडकन उठली. "टीचर, आमचे अप्पा!"

मी रेडिओ बंद केला. "चुकून लागलं," मी म्हटलं. "कुणी बाहेर बोलायचं नाही."

"आईलासुद्धा नाही?" तिनं विचारलं.

"आईलासुद्धा नाही."

जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांचा हात ताटातच राहिला. "किती जणींनी ऐकलं?"

"तीस."

"मग गावानं ऐकलं," ते म्हणाले आणि उठून गेले. त्यांची नोकरी माझ्यामुळं जाणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेच्या फाटकात आली आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली. "टीचर, माझं कुंकू शाबूत आहे, हे तुमच्यामुळं कळलं!" ती मोठ्यानं रडत होती. "हळू बोला हो, हळू," एवढंच मी म्हणत राहिले. तिच्या आनंदात मला सामील होता आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी फौजदार आला. मोठ्या बाईंच्या खोलीत त्यानं त्या मुलीला बोलावलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

"रेडिओवर काय ऐकलंस?"

"वाऱ्यांचा धडा, साहेब."

"नंतर?"

"खरखर."

"मग वडील जिवंत आहेत, हे आईला कुणी सांगितलं?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "मला स्वप्न पडलं," ती म्हणाली.

अकरा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि मी गप्प होते. फौजदारानं तिला जायला सांगितलं, रेडिओच्या तारा काढायला लावल्या आणि तो पोत्यात गुंडाळून घेतला. दाराशी तो माझ्याजवळ थांबला.

"तुमचे यजमान मलायात ना?"

"हो."

आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "त्यांचं नाव आलं का?"

नाही म्हटलं असतं, तर ऐकल्याची कबुली झाली असती. "कसलं नाव?" मी म्हटलं.

तो पोतं घेऊन निघून गेला. तो मला अडकवत होता, की त्याचंही कुणी तिकडे होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढं काही झालं नाही. अण्णांची नोकरी टिकली. पण दोन वर्षं, वर्गात शिकवताना खिडकीतून खाकी दिसली की माझ्या हातातला खडू मोडायचा. युद्ध संपल्यावर यजमान वाळून काटकी होऊन परतले. ती मुलगी त्याआधीच लग्न होऊन चोळपुरमला गेली होती. तिचं लग्न ठरल्याचं सांगायला तिची आई आली, तेव्हाही मी तिला आधी घरात घेतलं, दार लावलं आणि मगच बोलू दिलं.