जाड कड खाली

ती एक डोळा मिटूनच बघायची. माझ्याकडं, चुलीकडं, वाटेकडं. दोन्ही डोळे शाबूत असून गाव तिला एकडोळी म्हणायचं. माझी बायको. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, आता लिहितानाही हात धजत नाही.

हे निजामाच्या अमलातलं. नळदुर्गाजवळच्या आमच्या रानात जोंधळा हुरड्यात आला होता. माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाणताना तिचा तोल गेला, डोक्यावर पडली. आठ दिवसांनी उठून बसली, पण तिला सगळं दोन दिसायला लागलं, एकावर एक. एक डोळा मिटला की एकच दिसायचं. तिनं कुणाला सांगितलं नाही. नव्या सुनेनं असलं काही सांगितलं की लोक बाहेरचं लागलं म्हणतात.

मग एक दिवस चुलतभाऊ म्हणाला, "आरं, वहिनी बाजारात बाप्यांला डोळा मारती. तुला दिसत न्हाय व्हय?" मी घरी आलो आणि तिच्या थोबाडीत दिली. काही विचारलंसुद्धा नाही. ती गाल धरून म्हणाली, "दोन हात दिसले वं. कुठला चुकवू, कळलंच न्हाय."

तेव्हा मला कळलं. असा मी.

लिंबं उतरवली, अंगारे लावले. शेवटी नळदुर्गातल्या चष्मेवाल्या चाचांकडं नेलं. हैदराबादेत डोळ्यांच्या डॉक्टराकडं नोकरी करून आलेला म्हातारा माणूस. त्यांनी आधी तिचा एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि दरवेळी विचारलं, "कित्ते दिखते, बेटी?" मग मला म्हणाले, "आँखां दोनो अच्छे हैं. मगर जोडी का एक बैल उप्पर को खेंचता." त्यांनी एक काच तिच्या डोळ्यापुढं धरली. वरची कड पातळ, खालची जाड. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो तशी पाचरच. तिनं मिटलेला डोळा उघडला. माझ्याकडं लई वेळ बघत राहिली.

"एकच हाय की तुमी," ती म्हणाली. "बरं झालं. दोन नवरे झेपत नव्हते."

चाचा पोट धरून हसले. मीही हसलो, आणि तो गाल बघून मान खाली घातली.

हैदराबादेहून काच यायला दीड महिना गेला. चष्मा देताना चाचांनी बजावलं, "इलाज नै ये, सहारा है. आठ रोज चक्कर आएगा, फिर आदत होती. जाड कड नीचे, याद रखना." बायका तिला मास्तरीणबाई म्हणून चिडवायच्या. ती म्हणायची, "व्हय, मास्तरीण. सुईत दोरा तर जातोय न्हवं?"

निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीत चाचांच्या दुकानाला कुलूप लागलं. ते कुठं गेले, कुणी सांगितलं नाही. त्याच दिवसांत चष्म्याचा स्क्रू ढिला झाला आणि ती काच निसटली. गोल काच. मीच बसवली, तारेनं आवळली.

ती म्हणाली, "आवं, आता तर दोन लईच लांब लांब दिसतंय. डोळा मिटू का?"

"मिटू नको. लोक पुन्हा बोलतील. चाचा म्हणाले न्हाय का, आठ दिवस चक्कर येणारच. होईल सवय."

तिनं ऐकलं. माझं ती ऐकायचीच. चौथ्या दिवशी सकाळी बारवेच्या पायऱ्यांवरून घागरीसकट खाली गेली. वर काढली तेव्हा संपलेलं होतं.

चष्मा वरच्या पायरीवर पडला होता. काच शाबूत. मी कडेवरून बोट फिरवलं. जाड कड वर होती.

तिचं तेरावं झाल्यावर मी तो चष्मा डोळ्यांना लावून बारवेच्या तोंडाशी उभा राहिलो. पायरीवर पायरी दिसली, एकीवर दुसरी. पाय टाकायचं धाडस होईना. रिकाम्या हातानं, धडधाकट गडी, मी तिथंच खाली बसलो.

ती चार दिवस तशी उतरली होती, कमरेवर घागर घेऊन. मला सांगत होती. आणि मी म्हणत होतो, होईल सवय.